बिदागी नको, मोबदला हवा!



चौदा एप्रिल जवळ आला की भोकरदन तालुक्यातील हसनाबादसारख्या गावापासून थेट मुंबईच्या चाळींपर्यंत जयंती-समित्यांच्या बैठका सुरू होतात. मंडपवाल्याचा दर ठरतो. रोषणाईचा दर ठरतो. डीजेवाला तर इसार हातात पडल्याशिवाय गाडीला किल्लीच लावीत नाही, आणि त्याबद्दल त्यास कोणी स्वार्थी म्हणत नाही. मग विषय निघतो गायकाचा. तेथे मात्र आमचे कार्यकर्ते एकाएकी भाविक होतात. "तो आपलाच माणूस आहे. त्याचे काय ते बघू." या "बघू"चा अर्थ रात्री दोन वाजता कळतो. एक शाल, एक हार, टाळ्यांचा कडकडाट, आणि पाकिटात किती आहे हे गायकाला घरी जाऊन मोजावे लागते.

या लेखाचे म्हणणे एकच आहे, आणि ते कडू लागले तरी सांगणे भाग आहे. गावकीची वेठ ज्यांनी झुगारून दिली, त्यांनीच आपल्या कलावंतावर नवी वेठ लादली आहे. गाणे हे श्रम आहेत. श्रमाचा मोबदला आधी ठरवून, कागदावर लिहून आणि वेळेवर द्यावयाचा असतो. हे आपण मान्य करीत नाही तोपर्यंत आपल्या घरातील एकही मुलगा अथवा मुलगी कलेवर स्वाभिमानाने जगू शकणार नाही.

जुन्या गावगाड्याकडे पाहा. कला कोण करीत होते? गावच्या सणाला वाजविण्याचे काम मातंगाकडे, काही ठिकाणी महाराकडे. तमाशाच्या फडात नाचणारे, गाणारे आणि सोंगाड्ये बहुतेक महार, मांग आणि कोल्हाटी. या सर्वांस कलावंत म्हणून मोबदला नव्हता. सुगीला खळ्यावर बलुते मिळे, सणाला ओवाळणी मिळे. ते किती द्यावयाचे हे देणाराच ठरवी, आणि वाजविण्यास नकार दिला तर गाव वाळीत टाकी. धर्मांतरानंतर मेलेली जनावरे ओढण्याबरोबर मिरवणुकीपुढे वाजविण्यासही आपल्या लोकांनी नकार दिला, आणि त्यापायी गावोगाव बहिष्कार सोसला. तो नकार वाद्याला नव्हता. ज्या कामात करणाऱ्यास ना नकाराचा अधिकार, ना दर ठरविण्याचा, त्या कामाला तो नकार होता.

१९२७ च्या महाड सत्याग्रहाच्या निधीसाठी पठ्ठे बापूराव यांनी आपल्या तमाशाच्या खेळांचे उत्पन्न देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, ही हकीकत चरित्रग्रंथांतून सांगितली जाते. महार स्त्रियांना नाचवून मिळविलेला पैसा त्यांना नको होता. यावरून कित्येकांनी असा निष्कर्ष काढला की कलेचा मार्गच आपल्यासाठी वर्ज्य आहे. हा निष्कर्ष चुकीचा आहे. ज्या बाबासाहेबांनी तो पैसा नाकारला, त्यांच्याच चळवळीत भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे उभे राहिले आणि अक्षरशत्रू माणसापर्यंत नवा विचार त्या जलशांनीच पोहोचविला. कला तीच, ढोलकी तीच. फरक एवढाच की जलशात उभा राहणारा माणूस आपल्या इच्छेने उभा होता.

म्हणून नव्याने धम्मात आलेल्या कुटुंबांस माझे प्रथम सांगणे आहे. मुलगा गातो, मुलगी चित्रे काढते म्हणून आपण घाबरता. "पुन्हा तेच डफडे हाती घ्यावयाचे काय?" असे आजीने विचारले तर तिचे भय मी समजू शकतो, कारण तिने ते डफडे जुलमाखाली वाजलेले पाहिले आहे. परंतु संविधानाकडे पाहा. अनुच्छेद २३ ने वेठबिगार बंद केली, आणि अनुच्छेद १९ ने कोणताही व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य दिले. हे दोन्ही अनुच्छेद एकत्र वाचले पाहिजेत. पहिल्याने जुलमाची कला संपविली. दुसऱ्याने आवडीची कला हक्काची केली. जातीने माथी मारलेला धंदा टाकणे हे जितके स्वातंत्र्य, तितकेच स्वातंत्र्य तोच धंदा स्वतःच्या अटींवर निवडणे हेही आहे. अटी मात्र स्वतःच्या हव्यात. सम्यक आजीविका हे अष्टांगमार्गाचे एक अंग आहे. इतरांस इजा न करता, प्रामाणिक श्रमाने जगणे असा त्याचा अर्थ घेतला, तर त्या श्रमाचे मोल हिरावून घेणाऱ्याने कोणता मार्ग पाळला?

आता या धंद्याचा हिशेब पाहू. भीमगीते गाणाऱ्याचा हंगाम मुख्यतः एप्रिलच्या मध्यापासून वैशाखी पौर्णिमेपर्यंत असतो. पुढे धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि काही तुरळक कार्यक्रम. प्रत्येक गावाला तीच रात्र हवी असते आणि गायकाला एका रात्री एकाच गावी गाता येते. मिळालेल्या रकमेतून पेटीवाला, ढोलकीवाला, कोरसवाले, गाडीचे भाडे आणि डिझेल वजा जाते. जे उरते त्यावर वर्ष काढावयाचे. म्हणूनच जालना जिल्ह्यातील गायक हंगाम संपताच कापूस वेचावयास, सोयाबीन काढावयास किंवा वीटभट्टीवर गेलेला दिसला तर नवल वाटू नये. नवल याचे वाटावे की ज्याच्या गाण्यावर आपण रात्रभर डोलतो, त्याच्या उरलेल्या अकरा महिन्यांचा विचार आपल्या बैठकीत एकदाही निघत नाही.

यावर आक्षेप येतो : "चळवळीचे गाणे विकावयाचे नसते. वामनदादांनी कधी पैसे मागितले काय?" आक्षेप घेणारास मी उलट विचारतो. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) मुंबईत पडेल ते काम करीत जगले, प्रौढपणी अक्षर शिकले आणि अर्धशतकाहून अधिक काळ गावोगाव गात फिरले. त्यांचा त्याग थोर आहे. परंतु त्याग हा करणाराने करावयाचा असतो. तो दुसऱ्याकडून वसूल करण्याचा हक्क समितीला कोणी दिला? अण्णा भाऊ साठे यांनी 'फकिरा' ही कादंबरी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीस अर्पण केली, त्यांच्या कथांवर चित्रपट निघाले, आणि १८ जुलै १९६९ रोजी ते दारिद्र्यात वारले. आज त्यांची जयंती आपण बँड लावून साजरी करतो. त्या दारिद्र्याला साहित्याचे तेज म्हणून मिरविणे थांबविले पाहिजे. ते दारिद्र्य हा समाजाने केलेला अपराध होता.

गावकी म्हणत असे, "वाजविणे हा तुझा धर्म आहे." आपण म्हणतो, "गाणे हे तुझे कर्तव्य आहे." शब्द बदलला, दर ठरविण्याचा अधिकार मात्र देणाऱ्याकडेच राहिला. म्हणूनच मला "बिदागी" हा शब्द खटकतो आणि "मानधन" हाही. बिदागी म्हणजे निरोप देताना हातावर ठेवलेली रक्कम, आणि मानधन म्हणजे मान अधिक, धन कमी. वकिलाला फी असते, गवंड्याला मजुरी असते. गायकालाच तेवढे बक्षीस का?

"गाव गरीब आहे" हा दुसरा आक्षेप. गरीब गावाने कमी द्यावे. त्यात लाज नाही. लाज याची की डीजेला लागेल तेवढे निघते आणि काटकसर नेमकी गायकापाशी सुरू होते. पाच हजार द्यावयाचे असतील तर पाच हजार म्हणून आधी सांगा. गायकाला ते परवडेल किंवा परवडणार नाही. तो हो म्हणेल किंवा नाही म्हणेल. नाही म्हणण्याची मोकळीक असणे, हीच वेठ आणि व्यवसाय यांच्यामधील सीमारेषा होय. १९८२ साली एशियाडच्या बांधकाम-मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करावयास लावणारी आर्थिक निकड हीदेखील सक्तीच आहे आणि असे श्रम अनुच्छेद २३ खालील सक्तीचे श्रम होत. तो निकाल मजुरांविषयी होता; एका रात्रीच्या गायकाला तो जसाच्या तसा लागू होईल असे मी म्हणत नाही. परंतु त्यातील तत्त्व आपल्या समित्यांनी आरशासारखे समोर धरावे.

आता कलावंत बंधूंस. तुमची फसवणूक परके करतात त्याहून अधिक तुमचे अज्ञान करते. या भागातील एका गायकाने ध्वनिमुद्रण करणाऱ्या एका कंपनीशी झालेला कागद माझ्यापुढे ठेवला. ठोक रक्कम, खाली सही, आणि "गाण्यांचे सर्व हक्क दिले" हे एक वाक्य. मुदत नाही, प्रदेश नाही, रॉयल्टीचा शब्द नाही. आपले सर्व काही गेले असे समजून तो वर्षानुवर्षे गप्प बसला होता. कायदा काय म्हणतो?

प्रताधिकार अधिनियम, १९५७ अन्वये गीत लिहिणारा त्या शब्दांचा आणि चाल बांधणारा त्या चालीचा मालक असतो. तो हक्क मिळण्यास नोंदणीची सक्ती नाही. तोंडी बोलण्याने हक्क दुसऱ्याकडे जात नाही. त्यासाठी सहीचा लेखी कागद लागतो. कागदावर मुदत नसेल तर ती पाच वर्षे समजावी आणि प्रदेश नसेल तर फक्त भारत समजावा, असे कलम १९ सांगते. ही तरतूद १९९५ साली अंमलात आली. त्यापूर्वीच्या कॅसेटच्या करारांना ती लागू नाही. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी मोठी गोष्ट केली. ध्वनिमुद्रणात वापरलेल्या गीताचा लेखक व संगीतकार यांस रॉयल्टीचा समान वाटा मिळण्याचा हक्क दिला, आणि तो हक्क वारसांखेरीज किंवा प्रताधिकार संस्थेखेरीज कोणासही देता येत नाही. तसा करार केला तरी तो निरर्थक ठरतो. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने चित्रपटाच्या निर्मात्याचे पारडे जड केले होते. ते सरळ करण्यास पस्तीस वर्षे लागली. इंडियन परफॉर्मिंग राईट सोसायटीचे सभासदत्व गीतकार व संगीतकार यांस घेता येते. आपल्यातील किती शाहिरांनी ते घेतले आहे?

गायकासही स्वतःचा हक्क आहे. त्याच्या संमतीवाचून त्याचे गायन ध्वनिमुद्रित करून लोकांपुढे मांडता येत नाही. समितीचे उत्साही तरुण संपूर्ण कार्यक्रम मोबाईलवर घेऊन यूट्यूबवर टाकतात, तेव्हा त्यांनी आधी गायकाला विचारले पाहिजे. लग्नाच्या वरातीत किंवा धार्मिक विधीत एखादे गीत वाजविले तर त्याने प्रताधिकाराचा भंग होत नाही, ही सवलत कायद्यात आहे; परंतु त्या सवलतीने समोर उभ्या असलेल्या गायकाचे पैसे माफ होत नाहीत. चित्रकार व शिल्पकार यांचाही मान कायदा जाणतो. अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातील भित्तिशिल्प सरकारने काढून अडगळीत टाकले, तेव्हा २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ते अवशेष त्यांस परत देवविले आणि पाच लाख रुपये भरपाई ठरविली. मात्र पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून चित्र काढले, तर उलट करार नसल्यास त्याचा प्रताधिकार पैसे देणाऱ्याकडे जातो, हे चित्रकाराने विसरू नये.

हे हक्क माणसाबरोबर मरत नाहीत. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे ते चालतात. अण्णा भाऊंच्या साहित्याचा प्रताधिकार २०२९ अखेरपर्यंत आणि वामनदादांच्या गीतांचा २०६४ अखेरपर्यंत टिकणारा आहे. ज्या घरात एखाद्या शाहिराच्या वह्या ट्रंकेत पडून आहेत, त्या घरात शेतीच्या सातबाऱ्याइतकीच मोलाची वस्तू पडून आहे.

हे अशक्य स्वप्न वाटत असेल तर दक्षिण आफ्रिकेकडे पाहा. सॉलोमन लिंडा या झुलू गायकाने १९३९ साली एक गाणे ध्वनिमुद्रित केले. त्याचे हक्क दहा शिलिंगांस गेले असे सांगतात. ती चाल पुढे जगभर गाजली. लिंडा १९६२ साली दारिद्र्यात वारला. ब्रिटिशांच्या १९११ च्या कायद्यात एक कलम होते : लेखकाच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी विकलेला हक्क वारसांकडे परत येतो. त्या एका कलमाचा आधार घेऊन त्याच्या मुलींच्या वतीने लढा दिला गेला आणि २००६ साली तडजोड होऊन त्यांस पैसे मिळाले. काळ्या माणसाच्या लेकींनी कायदा उघडून वाचविला आणि घेतला. आपल्या लेकींनी का घेऊ नये?

तेव्हा करावयाचे काय? प्रत्येक जयंती-समितीने पुढील बैठकीत ठराव करावा : गायकाशी लेखी करार झाल्याशिवाय पत्रिकेवर त्याचे नाव छापणार नाही. त्या कागदावर तारीख, वेळ, रक्कम, इसार, गाडीभाडे, साथीदारांची संख्या आणि ध्वनिमुद्रणाची परवानगी आहे किंवा नाही, एवढे लिहावे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर कायद्याचे निर्बंध आहेत. पोलिसांनी कार्यक्रम थांबविला अथवा पावसाने उधळला तरी गायकाची ठरलेली रक्कम कापणार नाही, हेही लिहावे. कलावंताने इसार घेतल्याशिवाय तारीख देऊ नये आणि पैसे बुडाले तर तीन वर्षांच्या आत दावा लावावा. साठ ओळींचे पोवाडे पाठ करणाऱ्यास सहा ओळींचा करार लिहिणे जड नाही. वृद्ध कलावंतांसाठी राज्य शासनाची मासिक मानधनाची योजना आहे. गावातील शिकलेल्या तरुणांनी त्यांचे अर्ज भरून द्यावेत.

कोणी म्हणेल की यामुळे आपुलकी संपेल. घरचे वकील आणि घरचे डॉक्टर फी घेतात, तरी आपुलकी संपत नाही. आपुलकीच्या नावाखाली ज्याचे पोट मारले जाते, त्याची मुले उद्या गाणार नाहीत. मग चौदा एप्रिलच्या रात्री आपल्या वस्तीत केवळ डीजेचा गोंगाट उरेल, आणि बाबासाहेबांचा विचार गाऊन सांगणारा गळा मोंढ्यात हमालांना हाक मारीत असेल. ही हानी टाळावयाची असेल तर पाकीट बंद करा आणि करार उघडा.

जय भीम!