बिबट्याचा हल्ला : पिंजऱ्याआधी विचारायचे प्रश्न

पाटस, वरवंड, यवत या पट्ट्यात बिबट्या दिसला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं : 'भक्ष्याच्या शोधात वाट चुकलेला बिबट्या मानवी वस्तीत शिरला.' ऐकायला हे वाक्य साधं वाटतं. पण डॉक्टर म्हणून मला ते चुकलेलं निदान वाटतं, आणि निदान चुकलं की पुढचं औषधही चुकतं. वाट चुकलेल्या प्राण्याला पकडावं आणि त्याच्या घरी नेऊन सोडावं, हे मग ओघानंच येतं. पण भीमेच्या किंवा घोडनदीच्या काठी दिसणाऱ्या बिबट्याचं घर कोणतं? बहुतेकदा तो जन्मला उसात, आईच्या मागे चालायला शिकला उसाच्या सरीत. डोंगरातलं जंगल त्यानं पाहिलेलंही नसतं.

आमच्या भागातली जुनी माणसं गोष्टी सांगतात त्या लांडग्याच्या. बाजरी-ज्वारीचं रान, मोकळे माळ आणि मेंढ्यांचे कळप असलेल्या मुलखात लांडगाच असायचा. धरणं झाली, कालव्यांचं पाणी फिरलं, साखर कारखाने उभे राहिले. पाटसचा भीमा, शिरूरमधला घोडगंगा, आंबेगावचा भीमाशंकर, जुन्नरचा विघ्नहर या कारखान्यांभोवती मैलोन् मैल ऊस पसरला. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो. बिबट्याची पिल्लंही साधारण दीड वर्ष आईसोबत राहतात. म्हणजे एका पिकात एक वेत वाढून निघतं. पाणी पाटात, सावली उसात आणि खायला वाडीवस्तीवरची कुत्री, डुकरं, शेळ्या, वासरं. अकोले तालुक्याच्या शेतीच्या भागात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून मोजणी केली, तेव्हा 100 चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच बिबटे आढळले. तिथे जंगल असं नव्हतंच. त्यांच्या विष्ठेच्या तपासणीत खाण्याचा सर्वांत मोठा वाटा निघाला कुत्र्यांचा.

बिबट्यांचा 2022 चा राष्ट्रीय अंदाज सांगतो की महाराष्ट्रात 1,985 बिबटे आहेत. हा आकडा भाषणांत नेहमी येतो. पण ती पाहणी मुख्यतः जंगलांची होती, उसातला बिबट्या त्या हिशेबात नाही. रुग्णच मोजलेले नाहीत आणि साथीचा आकडा मात्र आपण बिनधास्त सांगतो आहोत, तसं हे आहे.

हे सगळं आठवण्याचं कारण 2025 चा पावसाळा सरतानाचे दिवस. शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड आणि शेजारच्या जांबुत परिसरात 12 ऑक्टोबर ते 2 नोव्हेंबर या तीन आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले : एक चिमुरडी, एक वृद्ध आजी आणि एक शाळकरी मुलगा. लोकांचा संयम सुटला. वनखात्याची गाडी जाळली गेली, मंचरजवळ पुणे-नाशिक महामार्ग अडवला गेला आणि 4 नोव्हेंबरच्या रात्री एका बिबट्याला गोळी घालून मारण्यात आलं. त्याआधी त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात दौंड तालुक्यातही मेंढपाळ कुटुंबातलं एक तान्हं बाळ गेलं होतं. पिंपरखेडच्या बायाबापड्या गळ्यात टोकदार खिळ्यांचे पट्टे घालून शेतावर जाताना सगळ्या राज्यानं पाहिल्या. काहींना ते चित्र गमतीचं वाटलं. मला नाही वाटलं. बिबट्या मागून येतो आणि मान धरतो, हे त्या बायांना कुणी शिकवावं लागलेलं नाही. धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यात जे असतं ते माणसाला घालावं लागलं, एवढंच.

लोकांच्या रागावर मला इथे काही म्हणायचं नाही. ज्यांच्या घरातलं मूल गेलं त्यांना निसर्गाच्या समतोलाची व्याख्यानं देऊ नयेत. मला म्हणायचं आहे ते प्रत्येक मृत्यूनंतर शासन कोणते प्रश्न विचारतं त्याबद्दल. आज दोनच प्रश्न विचारले जातात : बिबट्या कोणता, आणि पिंजरा कधी लावणार? पंचनामा होतो, भरपाईचा प्रस्ताव जातो. माणूस नेमका कुठे होता, किती वाजता, कशासाठी बाहेर पडला होता, उजेड होता का, ऊस किती पावलांवर होता, जखमीला पहिल्या दवाखान्यात पोहोचायला किती वेळ लागला, तिथे काय मिळालं, हे कुणी पद्धतशीर लिहून ठेवत नाही. लिहिलंच तर ते एका फाइलीत राहतं, पुढच्या गावाला त्याचा उपयोग होत नाही.

आरोग्य खात्यात आम्ही हे एका वेगळ्या दुःखाबाबत शिकलो आहोत. बाळंतपणात आई दगावली की 'मातामृत्यू अन्वेषण' होतं. आशा ताईपासून तज्ज्ञापर्यंत सगळ्यांना विचारलं जातं, जिल्हा पातळीवर ते प्रकरण तपासलं जातं. त्यात तीन उशीर शोधतात : घरात निर्णय घ्यायला झालेला, दवाखान्यात पोहोचायला झालेला आणि पोहोचल्यावर उपचार मिळायला झालेला. 2001-03 मध्ये महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे 149 माता दगावत होत्या, 2018-20 मध्ये हे प्रमाण 33 वर आलं. हे एकट्या अन्वेषणामुळे झालं असं कुणीही शहाणा डॉक्टर म्हणणार नाही. रस्ते सुधारले, 108 आली, दवाखान्यातली बाळंतपणं वाढली. पण कुठला रस्ता, कुठली रक्तपेढी, कुठली रात्रपाळी कमी पडते आहे हे त्या कागदांतून कळत गेलं. बिबट्याच्या हल्ल्यातल्या मृत्यूला तेवढीही चौकशी का मिळू नये?

ती केली तर काय हाती लागेल याचा अंदाज आजही करता येतो. मूल एकटं उसाच्या कडेला खेळत होतं. बाई अंधारात शौचाला किंवा गोठ्यात गेली होती. शेतकरी रात्री दारं धरायला गेला होता, कारण पंपाची वीज त्याच्या वाट्याला रात्रीच येते. ऊसतोडीची टोळी फडाच्या कडेलाच पाचटाच्या कोप्या करून राहत होती आणि कोपीला दार नव्हतं. मेंढपाळाचा वाडा उघड्या रानात होता. वाकून गवत कापणारा किंवा बसलेला माणूस आणि लहान मूल, यांचा आकार बिबट्याच्या नेहमीच्या भक्ष्याएवढा दिसतो. उभा, चालता, बोलता माणूस तो सहसा टाळतो. ही यादी नीट पाहिली तर तीत बिबट्यापेक्षा वीज, संडास, दार आणि उजेड जास्त दिसतील. भरदिवसा वस्तीजवळ झालेले हल्लेही आहेत, हे मान्य. त्यांची कारणं तर अधिकच शोधायला हवीत.

आता पिंजऱ्याचं. हल्ला करणारा बिबट्या ओळखून तो काढावाच लागतो, यात दुमत नको. पण दिसेल तो बिबट्या पकडायचा आणि लांब नेऊन सोडायचा, हा उपाय आपल्याच जिल्ह्यात करून झालेला आहे. 2001 नंतर जुन्नर वनविभागात मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले. त्याचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. मोहिमेपूर्वी माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत होते, मोहिमेनंतर ते 17 झाले आणि त्यांतल्या जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाणही वाढलं. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं, परतीची वाट धरतं, आणि त्याच्या रिकाम्या जागेत दुसरं येतं. आता माणिकडोहचं निवारा केंद्र भरलेलं असतं, म्हणून नव्या कल्पना निघतात. माद्यांची संख्या रोखण्यासाठी प्रायोगिक नसबंदीला केंद्राकडून वाट मिळाली आहे. ती जरूर करून पाहावी, पण तिचा परिणाम दिसायला वर्षं लागतील. नसबंदी झालेली मादीही रोज जेवतेच. डिसेंबर 2025 च्या नागपूर अधिवेशनात वनमंत्री गणेश नाईक यांनी जंगलात शेळ्या सोडण्याची कल्पना मांडली. शेळ्या जंगलात आणि बिबट्या उसात, तर या दोघांची गाठ कोण घालून देणार, एवढंच विचारावंसं वाटतं.

कुत्र्यांचा प्रश्न मात्र डॉक्टरच्या थेट अंगणातला आहे. मुंबईच्या बोरिवली उद्यानाभोवतीचे बिबटे वर्षाला सुमारे 1,500 भटकी कुत्री खातात आणि त्यामुळे कुत्रा चावण्याचे सुमारे हजार प्रसंग टळत असावेत, असा अंदाज 2018 मध्ये संशोधकांनी मांडला. अंदाज रंजक आहे, पण पाटसच्या वस्तीवर तो उलट्या बाजूनं वाचावा लागतो. ओढ्यात टाकलेल्या मेलेल्या कोंबड्या आणि ढाब्यामागचं खरकटं कुत्री गोळा करतं, आणि कुत्री बिबट्याला दारापर्यंत आणतात. ग्रामपंचायतीला बिबट्यावर अधिकार नाही, उकिरड्यावर आहे.

हल्ला झालाच तर काय करायचं, हे जिथे ऊस आहे तिथल्या प्रत्येक घरात माहीत हवं. बिबट्याच्या सुळ्यांची जखम वरून लहान दिसते. चार भोकं, थोडं रक्त. आत ती खोल असते. मानेत श्वासनलिका, मोठ्या रक्तवाहिन्या आणि मणके असतात, आणि लहान मुलाच्या डोक्यावरच्या भोकाखाली कवटीही फुटलेली असू शकते. म्हणून 'मलमपट्टी करून घरी' हा विचारच नको. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडानं त्या जागी घट्ट दाबून धरा, पण मानेभोवती पट्टी आवळू नका. मान कमीत कमी हलवत माणसाला आडवं ठेवून 108 बोलवा. चहा-पाणी पाजू नका, शस्त्रक्रिया लागू शकते. रक्तस्राव आटोक्यात असेल तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट, तंबाखू यांतलं काहीही भरू नका.

धुण्याचा आग्रह रेबीजमुळे. रेबीज फक्त कुत्र्यापासून होतो ही समजूत अजून पक्की आहे. बिबट्या, लांडगा, कोल्हा, रानमांजर या कुणापासूनही तो होऊ शकतो आणि बिबट्या तर कुत्रीच खातो. म्हणून आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत वन्यप्राण्याचा चावा सरळ तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर वर्गात धरतात. नुसती लस त्याला पुरत नाही. जखमेत आणि तिच्या भोवती रेबीज इम्युनोग्लोब्युलिनही टोचावं लागतं, कारण लशीनं शरीर स्वतःची प्रतिपिंडं तयार करेपर्यंतचे दिवस तेच सांभाळतं. सरकारी दवाखान्यात कातडीत देण्याची लस 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी असते. जखम भरत आली, भरपाईच्या कागदांची धावपळ सुरू झाली की अठ्ठाविसावा दिवस हमखास विसरला जातो. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि प्रतिजैविकं यांच्या जोडीला आहेतच, कारण मांजरकुळाच्या तोंडातले जंतू खोल जखमेत फार लवकर पू करतात. आणि ही जखम आल्या आल्या टाके घालून बंद करू नये, एवढं नातेवाइकांनीही लक्षात ठेवावं. 'टाके का घालत नाही' म्हणून डॉक्टरशी भांडण नको.

मृत्यूनंतरच्या तपासणीचंही महत्त्व आहे. दौंड तालुक्यातच उसाच्या शेतात मरण पावलेल्या एका महिलेच्या बाबतीत सगळ्यांनी बिबट्यालाच दोष दिला होता. पुढे प्रयोगशाळेचा अहवाल आला, बिबट्याच्या हल्ल्याची खूण मिळाली नाही आणि पोलिसांना खुनाच्या दिशेनं तपास करावा लागला. शवविच्छेदन 'बिबट्याच आहे' असं धरून उरकलं असतं तर ते कधीच कळलं नसतं. दातांमधलं अंतर मोजणं, जखमेवरून लाळेचा नमुना घेणं, ओढत नेल्याच्या खुणा नोंदवणं ही तालुक्याच्या डॉक्टरनं करायची कामं आहेत आणि त्यांचं साधं प्रशिक्षण एका दिवसात होतं.

पुणे जिल्ह्यात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांतली 233 गावं 2024 मध्ये संभाव्य बिबट आपत्तीप्रवण क्षेत्र म्हणून जाहीर झाली आहेत. त्या यादीत दौंड नाही. यादी वाढवणं हा महसूल खात्याचा विषय, पण निदान यादीतल्या गावांना जवळ पडणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत इम्युनोग्लोब्युलिनचा साठा किती आहे आणि तो रात्री कुणाच्या कुलपात असतो, हे या गळीत हंगामात तपासायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. टोळ्या उतरल्या की कारखान्यांचे शेतकी अधिकारी फडाफडांवर फिरत असतात. कोप्या उसापासून किती लांब बांधल्या, त्यांना दार आणि एक दिवा आहे का, मुलं दिवसभर कुणाजवळ असतात, या तीन ओळी त्यांच्या वहीत त्याच फेरीत लिहिता येतील.