आपलीच सवय आपल्यापुढे



गेल्या वर्षीची गोष्ट. पोळा होऊन आठ दिवस झाले होते. कपाशी कमरेला लागली होती. ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी कृषी महाविद्यालयाची शेवटच्या वर्षाची सहा मुले-मुली आमच्या भागात राहायला आली होती. ती म्हणाली, "सर, फवारणीत काय काळजी घ्यावी यावर तीन मिनिटांची फिल्म काढतोय. दिवसभर सोबत थांबा." तीन मिनिटांच्या कामाला अख्खा दिवस कशाला, असे मनात आले. पण गेलो.

त्या पोरांची तयारी पाहून थक्क झालो. कॅमेरा म्हणजे तिपाईवर बसवलेला मोबाइल. पण वहीत एकेक दृश्य लिहिलेले. कोण कुठे उभा राहणार, हातात काय असणार, ऊन कोणत्या बाजूने येणार. कोवळे ऊन गेले की चेहऱ्यावर काळ्या सावल्या पडतात, म्हणून पहिले दृश्य आठच्या आत उरकायचे. वाफसा कुणासाठी थांबत नाही, तसाच हा प्रकार. पुढे शेजारच्या वावरात ट्रॅक्टर सुरू झाला. आवाज नको म्हणून वीस मिनिटे सगळे बांधावर बसून. नंतर आबांचा रुमाल एकदा डोक्यावर अन् एकदा खांद्यावर दिसला, म्हणून तेच दृश्य पुन्हा. कामाआधी कागदावर मांडणी आणि चुकले तर न कंटाळता दुरुस्ती, हे आपणही खरिपाच्या आधी करावे, असे वाटून गेले.

खरा धडा मात्र दुपारी मिळाला.

आबा फवारणी करताना दाखवायचे होते. पंपात साधे पाणी भरले. दहा पावले गेले आणि नोझल तुंबले. आबांनी सवयीने नोझल काढले, तोंडाला लावले आणि जोरात फुंकले. मुले हसली. मला हसू आले नाही. पाणी साधे होते, पण पंप आबांचा रोजचा होता. तीन दिवसांपूर्वीच त्यातून बोंडअळीचे औषध मारलेले. आधी चुळा भरायला लावल्या, साबणाने तोंड-हात धुवायला लावले आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्यावर नजर ठेवली. सुदैवाने त्रास झाला नाही. चूक माझी होती. निदान पंप धुऊन आणा, एवढे सांगायचे मला सुचले नव्हते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने कितीतरी शेतकरी-मजुरांचे प्राण गेले. तेव्हापासून हाच विषय घेऊन मी गावोगाव सभा घेतो आहे, आणि माझ्यादेखत हे घडले.

आबा म्हणाले, "साहेब, जन्मभर असंच फुंकतोय. काय झालं मला?"

त्यावर दृश्ये लावणारी मुलगी काही बोलली नाही. मोबाइल तिने आबांपुढे धरला. आबांनी पाहिले. "पुन्हा लाव गं," म्हणाले. तिसऱ्यांदा पाहत असताना मागे चहा घेऊन उभ्या असलेल्या आक्का म्हणाल्या, "आन् त्याच तोंडानं घरी येऊन नातवाचा मुका घेता."

आबा गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "पोरी, हे पुसू नको. हेच दाखव गावाला."

गणपतीत देवळाच्या भिंतीवर ती फिल्म दाखवली. नोझल फुंकण्याचे दृश्य आले तेव्हा कुणी हसले नाही. जो तो स्वतःला आठवत असावा.

आता कामाच्या गोष्टी. नोझल तोंडाने कधीही फुंकू नका. दात घासायचा जुना ब्रश त्यासाठी वेगळा ठेवा आणि पाण्याने साफ करा. डब्यावरचा त्रिकोण पाहा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. हिरवाही विषच आहे. औषध हाताने ढवळू नका. हातमोजे, तोंडावर मास्क, डोळ्यांवर चष्मा, अंगभर कपडे हवेतच. वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नका. काम संपेपर्यंत तंबाखू, विडी, भाकरी काही नको. घरी गेल्यावर आधी अंघोळ; ते कपडे वेगळे धुवा. घाम, मळमळ, चक्कर, तोंडाला लाळ किंवा डोळ्यांपुढे अंधुक झाले, तर घरगुती उपायात वेळ न घालवता दवाखाना गाठा आणि औषधाचा डबा डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.

आणि एक विनंती. घरोघरी मुलांच्या हातात मोबाइल आहे. पंप स्वच्छ धुऊन, साध्या पाण्यावर, मुलाला किंवा मुलीला तुमचे दोन मिनिटांचे चित्र काढू द्या. रात्री जेवणानंतर घरच्या सगळ्यांनी मिळून ते पाहा. तीस वर्षांच्या नोकरीत मी जे सांगून थकलो, ते आबांना स्वतःच्याच चित्राने पटवले. आज आबांच्या पंपाच्या पट्ट्याला एक जुना ब्रश बांधलेला असतो.