आधी चाला, मग ॲप लिहा

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प तपासायला मी एक्स्टर्नल म्हणून दरवर्षी जातो आणि दरवर्षी एक तरी 'कॅम्पस नेव्हिगेशन ॲप' समोर येते. चार मुले, एक गाईड, सोनेरी अक्षरांची ब्लॅक बुक आणि स्लाइडची चळत. पहिल्याच प्रकरणात लिहिलेले असते की नव्या विद्यार्थ्यांना आणि पालकांना परिसरात वाट सापडत नाही. अडचण खरी आहे. तिच्यावरचे उत्तर खोटे आहे, आणि ते खोटे असल्याचे मुलांना, गाईडला आणि विभागप्रमुखांना पक्के ठाऊक असते. ज्यांनी परिसर पायाखाली घातलेला नाही त्यांनी इतरांना वाट दाखवू नये. आणि ज्या गाईडने मुलांना उन्हात फिरायला लावले नाही, त्याने अहवालावर सही करू नये.

एका महाविद्यालयात तिसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये व्हायवा चालली होती. मी टीमला म्हटले, "मला परीक्षा विभागात घेऊन चला. ॲप सांगेल तसेच जायचे." मुलांनी एकमेकांकडे पाहिले. फोनवरचा निळा ठिपका आम्हाला पार्किंगमध्ये उभे करून बसला होता. आम्ही खाली उतरलो. स्क्रीनवरची रेषा वर्कशॉपच्या मागच्या फाटकातून जात होती. फाटकाला कुलूप, कुलपावर गंज. वॉचमनकाका म्हणाले, "सर, हे गेट कोरोनापासून बंद आहे. आणि परीक्षा विभाग आता नव्या बिल्डिंगमध्ये गेलाय." काकांना जे माहीत होते ते ॲपला माहीत नव्हते, कारण काकांना कोणी विचारलेच नव्हते. मी गाईडकडे वळलो. ते म्हणाले, "सर, अल्गोरिदम बरोबर आहे. डायक्स्ट्रा वापरलाय."

या एका वाक्यात आपल्या अभियांत्रिकी शिक्षणाचा सगळा आजार आहे. एड्सखर डायक्स्ट्रा यांना सगळ्यात जवळची वाट शोधण्याची ही रीत 1956 साली ॲमस्टरडॅममधल्या एका कॅफेत कॉफी पिताना सुचली. कागद-पेन्सिल हाताशी नव्हती आणि वेळ लागला सुमारे 20 मिनिटे, असे त्यांनीच पुढे सांगितले. 1959 साली ती छापून आली. आरमॅक या संगणकावर ती दाखवण्यासाठी त्यांनी नेदरलँड्समधल्या 64 शहरांचा रस्ते-नकाशा घेतला होता. त्या शहरांमधली अंतरे आधीच कोणीतरी मोजून ठेवली होती, म्हणून यंत्राचे उत्तर खरे आले. आज ही रीत कोणत्याही लायब्ररीतून दोन ओळींत मिळते. मिळत नाही ती तुमच्या परिसराची माहिती. कोणते फाटक किती वाजता बंद होते, कोणत्या जिन्याला मधूनच ग्रिल लावले आहे, पावसाळ्यात कोणत्या पायवाटेवर घोट्यापर्यंत पाणी साचते, हे सगळे गोळा करणे म्हणजेच हा प्रकल्प. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आता त्या निळ्या ठिपक्याविषयी. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर आहेत आणि त्यांचा संदेश जमिनीवर पोचेपर्यंत अतिशय क्षीण होतो. मोकळ्या आकाशाखाली चांगला फोन 5 मीटरच्या आसपास अचूकता देतो. काँक्रीटच्या तीन स्लॅबखाली ती आशा धरणेच चूक, आणि मजला कोणता हे त्यातून भरवशाने कळतच नाही. हे पाठ्यपुस्तकात आहे, तरीही अहवालात 'इनडोअर नेव्हिगेशन' असे ठोकून दिलेले असते. उपाय नाहीत असेही नाही. अँड्रॉइड 9 पासून, म्हणजे 2018 पासून, वायफायच्या संदेशाला जाऊन यायला लागणाऱ्या वेळेवरून अंतर काढण्याची सोय आहे. त्यासाठी तशी ॲक्सेस पॉइंट यंत्रे लागतात. हवेचा दाब मोजणारा सेन्सर असलेल्या फोनवर मजला बदलल्याचे कळू शकते, कारण 3 मीटर वर गेले की दाब साधारण 0.35 हेक्टोपास्कलने उतरतो. आणि यातले काहीच परवडत नसेल, तर प्रत्येक जिन्याच्या तोंडाशी क्यूआर कोडचा कागद चिकटवा. तो स्कॅन केला की माणूस नेमका कुठे उभा आहे ते ॲपला समजते. झेरॉक्सच्या खर्चात काम होते. पण त्यासाठी प्रत्येक जिन्यापाशी स्वतः जाऊन उभे राहावे लागते, आणि नेमके तेच कोणाला नको असते.

सगळ्यात जास्त संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. या ॲपची खरी गरज कोणाला असते? धडधाकट मुलगा पहिल्या आठवड्यात चार जणांना विचारून परिसर शिकून घेतो. व्हीलचेअरवरच्या मुलीला मात्र प्रत्येक इमारतीचा रॅम्प कुठे आहे, लिफ्ट चालू आहे का, ती कोणत्या मजल्यापर्यंत जाते, हे घरातून निघण्याआधी कळायला हवे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा आहे. त्याचे कलम 16 शिक्षणसंस्थांची इमारत आणि परिसर सुगम हवा असे सांगते. रॅम्पचा चढ 1:12 पेक्षा जास्त नसावा, हा नियम स्थापत्यचे कोणतेही मूल सांगेल. तरीही माझ्यासमोर आलेल्या ॲपमध्ये 'जिना टाळा' असे साधे बटण क्वचितच असते. डायक्स्ट्राच्या रीतीत जिन्याच्या वाटा बाजूला काढणे हे पाच मिनिटांचे काम आहे. फक्त जिना कुठे आहे आणि रॅम्प कुठे आहे, याची नोंद हवी. ती नोंद नाही, म्हणून सगळ्यात जवळची वाट म्हणून त्या मुलीला बारा पायऱ्या दाखवल्या जातात. हा निव्वळ निष्काळजीपणा आहे आणि त्याला आपण 'ए' ग्रेड देतो.

व्हायवा संपली की ॲपही संपते. नकाशा-सेवेची एपीआय की एका मुलाच्या वैयक्तिक खात्यावर असते; खाते बंद पडले की नकाशा कोरा. कोड एका लॅपटॉपवर असतो. तो लॅपटॉप नोकरीच्या गावी जातो. पुढच्या जूनमध्ये नवी टीम, तोच विषय, ये रे माझ्या मागल्या. गुगलसुद्धा नव्या वैयक्तिक खात्यावरून प्ले स्टोअरवर ॲप टाकण्याआधी किमान 12 जणांकडून सलग 14 दिवस चाचणी करून घ्यायला लावते. आपल्या महाविद्यालयांना मात्र एका माणसाने एक दिवस ॲप वापरून पाहावे, एवढीही अट घालावीशी वाटत नाही.

हे टाळता येते, याचा दाखला पवईत आहे. आयआयटी मुंबईचे 'इन्स्टिॲप' विद्यार्थ्यांनीच बांधले. त्यात परिसराचा नकाशा आहे, कोड खुला आहे, आणि जुन्या मुलांनी उभे केलेले काम नवी मुले हातात घेतात. तिथल्या मुलांची हुशारी हे त्यामागचे कारण नव्हे. कामाला मालक आहे आणि वारसाची सोय आहे, हे कारण आहे. नकाशापुरते बोलायचे तर त्याहून सोपा मार्ग सर्वांना उघडा आहे. 2004 साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपवर कोणीही आपल्या परिसराच्या पायवाटा, फाटके, पायऱ्या आणि व्हीलचेअर जाईल अशा वाटा नोंदवू शकतो. ॲप मेले तरी ती नोंद जिवंत राहते आणि उद्याची कोणतीही टीम तिच्यावर पुढचे काम उभारू शकते.

"मुलांना वेळ कुठे आहे? प्लेसमेंट असते, सबमिशन असते," असे प्राध्यापक मला सुनावतात. वर्षभराच्या प्रकल्पात परिसर मोजायला दोन शनिवार मिळत नसतील, तर त्या वर्षभरात झाले काय? लॉगिनचे पान, अ‍ॅनिमेशन आणि कॉलेजचा लोगो? मुले पाट्या टाकतात, कारण पाट्या टाकल्यावर गुण मिळतात हे त्यांनी वरच्या वर्गांकडे पाहून शिकून घेतले आहे. मुलांना झोडपून काही साधणार नाही. गुण देणारे आपण आहोत.

म्हणून गाईडमंडळींनो, अटी आताच ऐकून ठेवा. सर्वेक्षणाची वही हवी: तारखेसह, हाताने लिहिलेली, वॉचमन, शिपाई आणि सफाई कामगारांशी बोलून भरलेली. परिसराच्या वाटा खुल्या नकाशावर नोंदवलेल्या हव्यात. कोड आणि खाती विभागाच्या नावावर हवीत आणि पुढच्या बॅचमधल्या दोघांना ती सोपवल्याची सही हवी. आणि ॲप महाविद्यालय कधी न पाहिलेल्या माणसाच्या हातात देऊन माझ्यासमोर चालवून दाखवायला हवे. हे नसेल तर मी पासापुरते गुण देईन, त्यावर एकही नाही. कोणी रदबदली केली, तर तीही विद्यापीठाला पाठवायच्या शेऱ्यात लिहीन.