कच्चे लिंबू आणि पक्का हिशेब

आळीतल्या मुलांचा लपंडाव ऐन रंगात आलेला असतो. एवढ्यात कोणाची तरी चार वर्षांची बहीण येते आणि 'मी पण खेळणार' म्हणून भोकाड पसरते. मोठी मुले तिला खेळात घेतात, पण लगेच पुकारा होतो, "ही कच्चं लिंबू हं!" म्हणजे काय, तर ती धावेल, लपेल, सापडेलही, पण तिच्यावर राज्य येणार नाही. तिचे सापडणे जमेस नाही आणि न सापडणेही जमेस नाही. सवलत मोठी प्रेमळ खरी! पण दोन वर्षे जाऊ द्या. तीच मुलगी पाय आपटून सांगते, "मी नाही कच्चं लिंबू!" तिला सवलत नको असते असे नव्हे. तिला मोजणीत यायचे असते.

दुबळ्या गड्याला सवलतही द्यायची आणि मोजणीतही घ्यायचे, ही तोड गोल्फ या खेळाने फार चांगली काढली आहे. तिचे नाव हँडिकॅप.

आता संगमनेरकराने गोल्फवर बोलावे हे वाचून काही वाचक हसतील. प्रवरेच्या काठी विड्या वळल्या जातात, ऊस गाळला जातो, अनंत फंदींची आठवण काढली जाते. गोल्फ काही आमच्याकडे खेळत नाहीत. पण आमचे गाव पडले नाशिक-पुणे रस्त्यावर. नाशकात उतरावे तर रिक्षावाला 'गोल्फ क्लब मैदान' दाखवतो. त्या मैदानाला हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव आहे आणि तेथे क्रिकेटचे सामने होतात. इंग्रजी अमदानीतला गोल्फ गेला, नाव तेवढे लोकांच्या तोंडी राहिले. पुण्यास जावे तर येरवड्याला गोल्फ अजून चालू आहे. रस्त्याच्या दोन्ही टोकांना असलेल्या खेळातला गुण मधल्या गावाने उचलला, तर त्यात गैर काय?

हँडिकॅप हा शब्द मुळात खेळाचा नव्हेच, तो सौद्याचा. जुन्या इंग्लंडात दोघांना वस्तूंची अदलाबदल करायची असली की तिसरा पंच बसे. कोणाची वस्तू किती उणी आणि तिच्या मालकाने वर किती भर घालावी, हे तो सांगे. पैसे टोपीत ठेवलेले असत. दोघे टोपीत हात घालत, आणि पंचाचा निवाडा मान्य की अमान्य, हे बाहेर काढलेल्या हातावरून कळे. 'टोपीत हात' यावरून हा शब्द झाला. सॅम्युअल पेपिस या गृहस्थाने १६६० च्या रोजनिशीत असा खेळ आपण प्रथमच पाहिल्याचे नोंदले आहे. पुढे शब्द घोड्यांच्या शर्यतीत शिरला. चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादायचे, म्हणजे शर्यत चुरशीची व्हायची. महालक्ष्मीच्या आणि पुण्याच्या शर्यतींतही हेच तत्त्व चालते.

गोल्फमध्ये वजन नाही, फटके आहेत. मैदानात अठरा होल. प्रत्येक होलात चेंडू घालायला कसलेल्या खेळाडूस किती फटके लागावेत ते ठरलेले असते. अठरांची बेरीज बहुधा ७२ च्या आसपास येते. माझा हँडिकॅप २० आहे असे कोणी म्हणाला, तर ढोबळमानाने समजावे की त्याचा खेळ चांगला लागला म्हणजे त्याला वीसेक फटके जास्त लागतात.

समजा, पुण्याचे मामा आणि संगमनेरचा भाचा खेळायला उतरले. मामांचा हँडिकॅप ८, भाच्याचा २०. फरक १२. हे बारा फटके भाच्याने मनाला येईल तेथे वापरायचे नाहीत. मैदानाच्या कार्डावर होलांचे १ ते १८ असे क्रमांक लावलेले असतात. १ म्हणजे सवलतीचा पहिला मान त्या होलाचा. पहिल्या बारा क्रमांकांच्या होलांवर भाच्याला एकेक फटका सूट.

"मामा, तुमचे चार, माझे पाच."

"या होलाचा क्रमांक पाचवा ना? मग तुझा एक वजा. बरोबरी!"

पुढे पंधराव्या क्रमांकाचा होल आला. पुन्हा मामांचे चार, भाच्याचे पाच. पण येथे सूट नाही, होल मामांचा. भाच्याने मुकाट्याने मान्य करायचे. मामांनीही 'जाऊ दे रे, तूच घे' म्हणायचे नाही. तसे म्हटले की भाचा पुन्हा कच्चे लिंबू झाला!

आता पैज. गोल्फवाल्यांत 'नॅसॉ' नावाची एक पद्धत आहे; न्यूयॉर्कजवळच्या एका क्लबावरून हे नाव पडले. तीत एकाच खेळाच्या तीन पैजा: पहिले नऊ होल, दुसरे नऊ होल आणि सगळे अठरा. प्रत्येक पैज एका चहाची धरू. पहिल्या नवांत मामा दोन होलांनी पुढे. एक चहा मामांचा. दुसऱ्या नवांत भाचा तीन होलांनी पुढे. एक चहा भाच्याचा. एकूण अठरांत भाचा एका होलाने पुढे. आणखी एक चहा त्याचा. दोनातून एक वजा, मामांनी एक चहा पाजायचा. सकाळी मागे पडलेल्याला दुपारपर्यंत आशा राहते, ही या पद्धतीतली खुबी.

मात्र मागे पडलेल्याने मध्येच 'उरलेल्या होलांवर नवी पैज' म्हणण्याचीही रीत आहे, आणि घात होतो तो तेथे. एकाच्या चार पैजा, चाराच्या सात. म्हणून वरची मर्यादा खेळ सुरू होण्याआधी ठरवावी. हरणाऱ्याच्या कपाळावर घाम आल्यावर नव्हे.

कारण पैजेच्या पाठीशी कायदा उभा राहत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे ३० वे कलम सांगते की पैजेचा करार रद्दबातल, आणि जिंकलेल्या पैजेसाठी दावा लावता येत नाही. जुगाराविरुद्ध आपल्याकडे १८८७ सालापासूनचा कायदा आहे तो वेगळाच. म्हणजे चहाच बरा! आणि कोर्टाचे दार बंद असल्यामुळे पैज उभी राहते ती केवळ शब्दावर. शब्द शिळा होऊ देऊ नये. मैदानातून बाहेर पडण्यापूर्वी हिशेब करावा, मोठ्याने वाचून दाखवावा आणि तेथेच फेडावा. 'पुढच्या वेळी बघू' या वाक्याने जेवढे स्नेह नासले तेवढे हरण्याने नासले नसतील.

दुसरा धोका आकड्याचा. सूट जास्त मिळावी म्हणून मुद्दाम वाईट खेळणारे महाभाग असतातच. २०२० पासून जगभर लागू झालेल्या पद्धतीत गेल्या २० खेळांपैकी उत्तम ८ खेळांवरून हँडिकॅप काढतात. म्हणजे तुमचा कंटाळलेला रविवार धरत नाहीत. तुम्ही मनापासून खेळता तेव्हाचे तुम्ही किती, हे पाहतात. माणसाला त्याच्या बऱ्या दिवसांवरून मोजावे, हा विचार मला फार आवडतो.

दिवाळीच्या पाडव्याला द्यूतप्रतिपदा असेही म्हणतात, आणि त्या दिवशी घरोघर पत्ते, सोंगट्या, कॅरम निघतात. द्यूत म्हटले की कौरवसभा आठवते. तेथे काय नव्हते? पण लावणारा दुर्योधन आणि फासे टाकणारा शकुनी! खेळणारा वेगळा, लावणारा वेगळा. आणि वरची मर्यादा नाही. ताकदीतल्या फरकाचा तर कोणी विचारही केला नाही.

आपण तो विचार करावा. आजोबा आणि नात यांच्या पंचवीस गुणांच्या कॅरमला नातीने आठ गुणांवरून सुरुवात करावी. बुद्धिबळात बाबांनी आपला एक घोडा आधीच उचलून ठेवावा. पण एकदा सवलत ठरली की दोघांनीही जीव तोडून खेळावे. नात लागोपाठ तीन डाव जिंकली की आठाचे सहा करावेत, आणि हे तिच्याशी बोलून करावे. तिचे दोन गुण कमी झाले म्हणून ती रुसणार नाही. उलट घरभर सांगत सुटेल, "आता मला सहाच लागतात!" कच्च्या लिंबाला हे वाक्य कधीच बोलता येत नाही.