यादी लागेपर्यंत

आमच्या शनिवारच्या बैठकीला गेल्या पावसाळ्यापासून एक मुलगी येते. दिंडोरी तालुक्यातली, रसायनशास्त्रात एम.एस्सी., पहिल्या वर्गात पास झालेली. गंगापूर रोडच्या बाजूला तिघींनी मिळून एक खोली घेतली आहे, तिथे राहते. पीएच.डी.साठीच्या एका शासकीय फेलोशिपकरिता तिने अर्ज केला, परीक्षा दिली, तात्पुरत्या यादीत नाव आलं, कागदपत्रांची पडताळणी झाली. अंतिम यादी आणि त्यामागून यायचं पत्र मात्र अकरा महिने झाले तरी आलेलं नाही. बैठकीत विषय कोणताही असो, पोटगीचा, रेशनचा किंवा ८ मार्चच्या तयारीचा, ती आल्याबरोबर मोबाइलवर यादी लागली का ते बघते, मग मोबाइल पालथा ठेवते आणि आमच्यात येऊन बसते.

मध्यंतरी दोन शनिवार ती आली नाही. तिसऱ्या शनिवारी आली तेव्हा कळलं की गावी तिला बघायला पाहुणे आले होते. तिने नकार दिला म्हणून घरात बोलाचाली झाली. आम्ही दोघी-तिघी तिच्या घरी गेलो. घर काही मागासलेलं नाही. वडिलांची तीन एकर द्राक्षबाग, डोक्यावर सोसायटीचं कर्ज, पण मुलीला नाशिकला ठेवून एम.एस्सी. करवलं ते त्यांनीच. आई आमच्याशी बराच वेळ काही बोलली नाही. निघताना दारापर्यंत आली आणि म्हणाली, "ताई, पत्र आलं असतं तर मीच पाहुण्यांना नाही म्हटलं असतं. आता मुलगी काय करते म्हणून विचारलं तर काय सांगू? वाट बघते, असं सांगू?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. परतीच्या एस.टी.त आम्ही तिघी गप्प होतो.

तिचा थोरला भाऊ पुण्यात तीन वर्षं एमपीएससीची तयारी करतो आहे. त्याच्याही परीक्षा पुढे जातात, निकाल रखडतात. पण तो "अभ्यास करतोय". ही "घरी बसलीय". खरं तर ती घरी बसतच नाही. गावी गेली की बागेत थिनिंगला, डिपिंगला हाताशी धरली जाते, आजीला दवाखान्यात नेते, चुलतभावाच्या मुलीला शिकवते. दोघंही वाट बघत आहेत, पण मुलाच्या वाट बघण्याला अभ्यासाचं नाव मिळतं आणि मुलीची वाट बघणारी वेळ रिकामी समजली जाते. आणि रिकामी वेळ म्हणजे घराच्या मालकीची. कोणालाही तिच्यात काहीही घालता येतं. आजारपण घालता येतं, बाग घालता येते, सरतेशेवटी लग्न घालता येतं.

म्हणून मला असं म्हणायचं आहे की फेलोशिपच्या यादीला होणारा उशीर हा फक्त विद्यार्थी संघटनांचा प्रश्न नाही, तो आपला प्रश्न आहे. मुलगी परीक्षेत नापास झाली म्हणून संशोधनातून बाहेर पडली तर ते निदान दिसतं. पास झालेली मुलगी पास आणि पत्र यांच्यामधल्या महिन्यांत हरवली तर ती कोणाच्याच हिशेबात येत नाही. फेलोशिप देणाऱ्या कार्यालयाच्या दप्तरी ती "रुजू झाली नाही" एवढीच उरते.

हे महिने काही एका टप्प्यावरचे नसतात. ज्यांना या वाटेची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. विज्ञानाची नेट परीक्षा वर्षातून दोनदा व्हायची असते. तीत वरच्या क्रमांकात आलं तर जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधनवृत्ती मिळते. पण नुसत्या निकालावर पैसे सुरू होत नाहीत. विद्यापीठात पीएच.डी.ला प्रवेश हवा. त्यासाठी मार्गदर्शकाकडे जागा रिकामी हवी. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात. नाशिकच्या एखाद्या महाविद्यालयातल्या संशोधन केंद्रात जागा नसेल तर पुणे गाठा. मग मुलाखत, मग नोंदणी, मग रुजू झाल्याचा दाखला आणि त्यानंतर पैसे. प्रत्येक पायरीवर एक यादी, आणि प्रत्येक यादीपाशी घरातून एकच प्रश्न: अजून किती?

परीक्षा तरी वेळेवर होते का? कोविडच्या काळात विज्ञानाची नेट नोव्हेंबर २०२० मध्ये झाली, त्यानंतरची थेट जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मध्ये. १८ जून २०२४ ला इतर विषयांची नेट झाली आणि दुसऱ्याच दिवशी रद्द झाली. २५ जूनपासून होणारी विज्ञानाची नेट पुढे ढकलली गेली, ती जुलैच्या अखेरीस झाली. एक महिना म्हणजे काय मोठंसं, असं कोणी म्हणेल. ज्या घरात "ही शेवटची परीक्षा, मग आम्ही बघू" असं ठरलेलं असतं तिथे एक महिना खूप असतो. जेआरएफसाठी महिला उमेदवारांना वयात पाच वर्षांची सूट आहे. नियम करणाऱ्यांनी चांगल्या मनानेच ती ठेवली असेल. पण ही सूट आईला, मामाला आणि स्थळ आणणाऱ्या आत्याला कोणी कळवली आहे?

आपल्याकडच्या चळवळीत एक विचार मी पुष्कळदा ऐकला आहे, आणि मीही तो बोलून दाखवलेला आहे. फेलोशिप हा शिकल्या-सवरल्या मूठभर मुलींचा प्रश्न, आपण काम करायचं ते शेवटच्या बाईसाठी. मी आता असं म्हणणार नाही. वाट बघणं कोणाला परवडतं याचा विचार करा. जिच्या वडिलांचा नाशिकच्या कॉलेज रोडवर फ्लॅट आहे ती वर्षभर घरून खर्च करून पीएच.डी. सुरू करू शकते, पैसे मागाहून येतील. थांबून राहावं लागतं ते दलित, आदिवासी, बहुजन, मुसलमान मुलींना, ज्यांच्या घरात पदवी घेणारी ही पहिलीच आहे. २०२३ साली मुंबईच्या आझाद मैदानात बार्टीच्या फेलोशिपसाठी संशोधक विद्यार्थी दिवसच्या दिवस बसले होते. प्रश्न ८६१ जणांचा होता आणि जागा होत्या २००. मालेगावच्या मुलींसाठी मौलाना आझाद फेलोशिप हा एक आधार होता. २००९ पासून चालत आलेली ती योजना डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाल्याचं संसदेत सांगण्यात आलं. जुलै २०२५ मध्ये परदेशी शिक्षणाच्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीसाठी १०६ जणांची निवड झाली, पण पत्रं मिळाली ४० जणांना. बाकीच्या ६६ जणांना कळवलं गेलं की निधी उपलब्ध झाला तर पत्र मिळेल. ही शिष्यवृत्ती प्रामुख्याने अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती आणि भूमिहीन शेतमजुरांच्या मुलामुलींसाठी असते आणि तीत तीस टक्के जागा मुलींच्या आहेत. परदेशातली सत्रं सप्टेंबरात सुरू होतात. निवड झालेली असूनही बॅग भरायची की नाही हे ठाऊक नाही, अशी मुलगी ऑगस्ट महिना कसा काढत असेल?

शेवटची बाई कोण, हे आपण जरा नव्याने बघायला हवं.

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात सारथीच्या फेलोशिपची संख्या २०० वर आणल्याबद्दल प्रश्न आला, तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएच.डी. करून ही मुलं काय दिवे लावणार, असं विचारलं. त्यावर बराच गदारोळ झाला. दिवे लावण्याचं काम बायकांकडे पिढ्यान्पिढ्या आहेच, तेव्हा आम्हाला त्या शब्दाचं फार वाईट वाटण्याचं कारण नाही. वाईट वाटलं ते हे, की जे वाक्य घराघरांत मुलींना ऐकवलं जातं तेच सभागृहात, शासनाच्या तोंडून आलं. दिंडोरीच्या त्या मुलीच्या मामाने ते जसंच्या तसं तिला ऐकवलं.

अशा वेळी कमला सोहोनींची गोष्ट हटकून सांगितली जाते. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्या क्रमांकाने घेऊन बंगळूरच्या विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेली, आणि सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून तिला नाकारलं. ती हटली नाही. मग प्रवेश मिळाला तो अटी घालून. पहिलं वर्ष तिची विद्यार्थिनी म्हणून रीतसर गणना व्हायची नाही, काम पसंत पडलं तर पुढचं बघू. तिने ते वर्ष काढलं, नंतर शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिजला गेली आणि १९३९ मध्ये डॉक्टरेट घेऊन आली. आपण ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतो, ती आहेही. पण तिच्यातलं ते बिनहिशेबी वर्ष कशाच्या जोरावर निघालं? वडील आणि काका दोघेही त्याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते. घरातून कोणी "परत ये" म्हणत नव्हतं. कमलाबाईंच्या बुद्धीला आणि हिमतीला यात काही उणेपणा येत नाही. मात्र ज्या मुलीच्या घरात आजवर कोणी प्रयोगशाळा पाहिलेली नाही तिला नुसती कमलाबाईंची जिद्द दाखवणं बरोबर नाही. तिला ते वर्ष काढता येईल अशी सोय हवी.

आणि लग्न झालेल्यांचं काय? मूलबाळ झाल्यावर पुन्हा संशोधनाकडे वळणाऱ्या बायकांसाठी केंद्राच्या विज्ञान विभागाने २००२-०३ पासून योजना चालवल्या, हल्ली त्यातली एक वाइज-पीएच.डी. या नावाने आहे. योजना चांगली आहे. पण अर्ज केलेली सून निकाल येईपर्यंत सूनच असते. स्वयंपाक, सासऱ्यांची पथ्यं, मुलाची शाळा, यातून प्रस्ताव लिहायला तिने पहाटेचे तास काढलेले असतात. उत्तर येत नाही तोवर तो "तिचा नाद" असतो. उत्तर आलं की मग घर बसून विचार करतं.

पैशाबद्दलही बोलायला हवं. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफची रक्कम महिना ३७,००० रुपये झाली, पूर्वी ती ३१,००० होती. मुलीच्या खात्यात एवढी रक्कम दरमहा यायला लागली की घरातली भाषा बदलते, हे आम्ही पाहिलं आहे. लग्नाचा विषय निघतच नाही असं नाही, पण "तिला विचारून बघू" हे वाक्य यायला लागतं. (जेआरएफ मिळालेली मुलगी म्हणून स्थळंही चढ्या भावाची येतात, हा त्यातला विनोद. ३७,००० कोणाच्या घरात जाणार याचा हिशेब पाहुणे आधीच करून आलेले असतात.) हेच पैसे आठ-दहा महिने थकून एकरकमी आले तर त्याचा तसा उपयोग होत नाही. तोवर खोली सुटलेली असते, मुलगी गावी गेलेली असते.

मागण्या तशा साध्या आहेत. जाहिरातीतच अंतिम यादीची आणि पत्राची तारीख छापा, आणि ती पाळा. उशीर झाला तर कारण लेखी द्या. फेलोशिप यादीच्या तारखेपासून नव्हे, पीएच.डी.च्या नोंदणीच्या तारखेपासून द्या. निवड होऊन किती मुली रुजू झाल्या नाहीत आणि का, हे दरवर्षी प्रसिद्ध करा. हा शेवटचा आकडा आपल्याला सगळ्यात जास्त उपयोगी पडेल. माहितीच्या अधिकारात तो मागता येतो. नाशिकमध्येच आदिवासी विकास आयुक्तालय आहे, सुरुवात तिथून करता येईल.

पण यादीची वाट बघत असलेल्या मुलीसाठी आज, या आठवड्यात करण्यासारखं काम आहे ते तिच्या घरी जाण्याचं. आम्ही दिंडोरीला दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तात्पुरती यादी छापून नेली होती. वडिलांनी चष्मा लावून मुलीचं नाव शोधलं. गुणांनुसार ते किती वर आहे ते मोजलं. मग तो कागद त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवला. आईच्या प्रश्नाला निदान दाखवायला एक कागद झाला. मार्चपर्यंत पाहुणे बोलवायचे नाहीत, एवढं त्यांनी कबूल केलं आहे. मार्चनंतर काय, ते आम्ही विचारलं नाही.

तुमच्या गावात, वस्तीत अशी थांबलेली मुलगी असेल तर तिची परीक्षा कधी झाली, तात्पुरती यादी कधी लागली, पत्र कधी आलं किंवा आलं नाही, आणि त्या काळात तिच्या घरात काय काय झालं, एवढं लिहून आमच्याकडे पाठवा. नाव नको, तारखा हव्यात.