लॉकर आहे, पण किल्ली कोणाकडे?

होस्टेलवाल्यांना ‘लॉकर’ म्हटलं की दोनच गोष्टी आठवतात. ऐन परीक्षेत हरवलेली किल्ली आणि घरून आलेल्या लाडवांवर रूममेटने मारलेला डल्ला! मी आज ज्या लॉकरबद्दल लिहितोय तो गाडीच्या मागच्या आखात बसतो. त्याला किल्ली नसते, बटण नसतं, दांडाही नसतो. तो आपला आपण लागतो आणि आपला आपण सुटतो. कॅटलॉगमध्ये हाच त्याचा मोठा गुण म्हणून छापलेला असतो. मला मात्र तीच त्याची अडचण वाटते.

आधीच सांगून टाकतो, माझं दहावीपर्यंतचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी सांभाळून घ्याव्यात. हा लेख इंग्रजी विभागात सहज गेला असता. पण या गोष्टीचा माझ्या मराठीशी फार जवळचा संबंध आहे, म्हणून तो इथेच द्यायचा हट्ट धरला.

माझ्या मामाचं गाव आंबेगाव तालुक्यात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला. पुण्या-मुंबईचे लोक पावसाळ्यात भीमाशंकर, आहुपे, नाणेघाट, माळशेज बघायला येतात आणि ‘काय ते हिरवंगार!’ म्हणून परत जातात. हिरवंगार आहेच. पण भात लावणीच्या दिवसांत डांबरी रस्ता सोडून वाडीकडे वळलात की तांबड्या चिखलाचा जो रस्ता लागतो, तो फोटोत येत नाही. ३० जुलै २०१४ ला याच पट्ट्यातलं माळीण गाव डोंगराखाली गेलं. दीडशेच्या वर माणसं गेली. तिकडे गेलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही, तेव्हा बाहेरच्यांना कळलं. तेव्हापासून आमच्याकडे पाऊस लागून राहिला की कोणाची गाडी कुठवर जाते, हा साधा प्रश्न राहत नाही.

मामाकडे जुनी जिप्सी आहे. १९८५ मध्ये आलेली ही गाडी २०१९ च्या सुमारास सर्वसामान्य गिऱ्हाइकांसाठी बंद झाली, पण डोंगरात अजून तिला मान आहे. वाडीची सगळी अडीनडी मामाच्या जिप्सीवर. दोन वर्षांपूर्वी जुलैत शेजारच्या ताईला रात्री कळा सुरू झाल्या. मामा तिला घेऊन घोडेगावला निघाला आणि अर्ध्या किलोमीटरवर गाडी रुतली. फोर बाय फोरचा दांडा टाकलेला. तरी मागचं डावं आणि पुढचं उजवं चाक गरागरा फिरतंय, बाकीची दोन ढिम्म! शेवटी बैलजोडी आणून गाडी काढली. ताई आणि बाळ दोघंही सुखरूप आहेत. पण त्या दीड तासाबद्दल मामा अजून बोलत नाही.

सुट्टीत गेलो तेव्हा त्याने एवढंच विचारलं, “काय रं इंजिनेर, चारी चाकं फिरत्यात म्हणून ही गाडी घेतली. मग दोनच का फिरत्यात?”

प्रश्न लाखमोलाचा होता. बैलगाडीची दोन्ही चाकं आखावर सुटी फिरतात, म्हणून वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरलं तरी बिघडत नाही. मोटारीत चाकाला इंजिनची ताकद द्यायची असते, त्यामुळे त्याला नुसतं सुटं ठेवून चालत नाही. पण वळण तर घ्यावंच लागतं. दोन चाकांत साधारण १.३ मीटर अंतर धरा. गाडी पूर्ण उलटी फिरवली तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा π गुणिले १.३, म्हणजे चार मीटर जास्त चालतं. वळण मोठं असो की लहान, फरक तेवढाच! हा फरक सांभाळायला डिफरेन्शियल असतं. आतले स्टार गिअर दोन्ही चाकांना सारखाच जोर देतात आणि वेग मात्र हवा तसा घेऊ देतात.

घोळ या ‘सारख्याच जोरात’ आहे. मागच्या आखावर ६०० किलो भार आहे, म्हणजे दर चाकावर ३०० किलो. एक चाक घट्ट मुरमावर, घर्षणांक ०.५. दुसरं चिखलात, ०.१. चिखलातलं चाक ३० किलोपेक्षा जास्त ओढ घेऊ शकत नाही, म्हणून मुरमावरच्या चाकालाही तेवढीच मिळते. एकूण ६०. तीच दोन चाकं एकमेकांना बांधली तर ३० अधिक १५० म्हणजे १८०. तिप्पट! फोर बाय फोरचा दांडा पुढचा आख मागच्याशी जोडतो, पण प्रत्येक आखातली डावी-उजवी भानगड तशीच राहते. म्हणून दोन चाकं फिरली आणि दोन बघत बसली.

यावर उपाय नवा नाही. आपल्याकडच्या कोणत्याही ट्रॅक्टरवाल्याला विचारा. टाचेजवळ डिफ लॉकचं पेडल असतं. चाक घसरलं की दाबायचं, सरळ बाहेर पडायचं, वळायच्या आधी सोडायचं. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सच्या गुरखा गाडीत २०१३ पासून पुढे-मागे दोन्हीकडे चालकाने लावायचे लॉक आहेत. महिंद्राच्या थारमध्ये २०१५ ला आलेला मागचा लॉक यांत्रिक आणि आपोआप लागणारा. एरवी तो सुटा असतो, दोन चाकांच्या वेगात फार फरक पडला की बांधतो. आणि तिसरा प्रकार आम्ही घेतला तो. जिप्सीची भावंडं परदेशात सुझुकीच्या नावाने खपली, त्यांच्यासाठी असे लॉकर बनतात. स्टार गिअर काढायचे आणि त्यांच्या जागी दातेरी चकत्या, पिना आणि स्प्रिंगा बसवायच्या. हा उलट्या स्वभावाचा. मुळात बांधलेलाच असतो, आणि वळणावर बाहेरचं चाक पुढे पळायला लागलं की टक-टक करत त्याला सोडतो.

दिवाळीच्या सुट्टीत मी, मामेभाऊ दादा आणि नारायणगावचा एक ओळखीचा मेकॅनिक असे तिघांनी तो बसवला. मागची चाकं, ड्रम, दोन्ही ॲक्सल बाहेर. प्रॉपेलर शाफ्ट सोडून डिफरेन्शियलचा गोळाच उतरवला. क्राऊन काढला, केस उघडली, चकत्यांमधली फट फिलर गेजने तीनदा मोजली. क्राऊनचे बोल्ट टॉर्क रेंचने आवळताना मला डिग्री मिळाल्यासारखं वाटत होतं! सगळं जोडून, तेल भरून, गाडी उचलून गिअरमध्ये टाकली. एक चाक मागे दाबून धरलं, दुसरं हाताने पुढे फिरवलं. टक... टक... टक. मामीने पेढे वाटले.

आणि लॉकरने काम चोख केलं. जिथे बैल आणावे लागले होते, ती जागा जिप्सीने मागच्या दोन चाकांवर पार केली. वाडीत माझा भाव एकदम वधारला.

मग जून आला. पहिल्याच पावसात दादा आजीला आणि दोन लहान पोरांना घेऊन घोडेगावला निघाला. डांबरी रस्ता, वरून वाहून आलेली चिखलाची साय, धरणाकडचं तीव्र वळण. दादाने वळणात नेहमीसारखी रेस दिली. मागची दोन्ही चाकं एकदम घसरली आणि गाडीचं बूड पाण्याच्या बाजूला फिरलं. कडेला खडीचा ढीग होता, त्यावर टेकून गाडी थांबली. कोणाला खरचटलंही नाही. ढीग तिथे होता हे आमचं नशीब. माझी हुशारी नव्हे.

झालं काय? साधं डिफरेन्शियल निसरड्यावर एक चाक फिरवून टाकतं, तेव्हा दुसरं चाक निदान बूड धरून ठेवतं. चाकं बांधलेली असली की सुटतात ती दोन्ही. शिवाय वळणात रेस दिली की हा लॉकर बाहेरच्या चाकाला मोकळं सोडत नाही आणि गाडी सरळ जायला बघते. मध्येच रेस सोडली की दणका देऊन बाजू बदलतो. हे सगळं लॉकरबरोबर आलेल्या पत्रकात शेवटच्या पानावर इंग्रजीत स्वच्छ लिहिलेलं होतं. मी ते वाचलं होतं. मामाला आणि दादाला पत्रक समजावून सांगताना मी फायद्यांची पानं सांगितली, आणि त्या पानाला आल्यावर अडखळलो. ‘अंडरस्टीअर’ला मराठीत काय म्हणतात मला सुचेना. म्हटलं, जाऊ दे, मामा तीस वर्षं घाटात गाडी चालवतोय, त्याला काय सांगायचं? आणि दादाला तर मी काहीच सांगितलं नाही.

मित्रांनो, माझं मत याच पानावर येऊन ठरलं. यंत्र वाईट नाही. पण जे यंत्र चालकाला न विचारता आपला निर्णय घेतं, त्याचा स्वभाव चालकाला त्याच्या भाषेत माहीत असायलाच हवा. ट्रॅक्टरचं पेडल अडाणी माणसालाही कळतं, कारण लॉक त्याच्या टाचेखाली असतो. लावला तेव्हा आपण लावला, हे त्याला ठाऊक असतं. म्हणून माझ्या मते ज्या गाडीला चिखल आणि घाट दोन्ही रोज आहेत, तिला हाताने लावायचा लॉक बरा. तो महाग पडतो, हवेवर चालणाऱ्याला कॉम्प्रेसर लागतो, हे कबूल. पण घाटात तो सुटा ठेवता येतो. आणि त्याच्याही आधी चांगले टायर, दोर आणि फावडं! आमच्या जिप्सीचे टायर तेव्हा गुळगुळीत होते आणि आम्ही पैसे लॉकरवर घातले. आधी कळस मग पाया, दुसरं काय!

काहीजण म्हणतील, चालकावर सोडलं तर तो लॉक लावायला विसरेल, सोडायला विसरेल. मुद्दा खरा आहे. थारच्या लॉकसारखा सुटा राहून गरजेपुरता बांधणारा प्रकार म्हणूनच निघाला. पण तो कारखान्यात त्या गाडीसाठी तपासून बसवतात. अंगणात, तीन पोरांनी, जॅकवर नाही.

अजून एक कबुली. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर बंधन घालतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत असं सांगितलं आहे. आम्ही आरटीओला विचारलं नाही, विमा कंपनीलाही नाही. तुम्ही आधी विचारा.

लॉकर मामाने काढला नाही. “चिखल कुठं गेलाय?” असं तो म्हणतो, आणि याला माझ्याकडे उत्तर नाही. टायर मात्र नवे आहेत. दादाने भात काढलेल्या खाचरात दोन दिवस गाडी फिरवून लॉकर कसा लागतो, कसा सुटतो ते अंगवळणी पाडून घेतलं. आणि स्टिअरिंगसमोर आता एक चिकटपट्टी आहे. तिच्यावरचा मजकूर लिहायला मला तीन संध्याकाळी लागल्या. मामाला वाचून दाखवायचा, त्याने मान हलवली की खोडायचा, पुन्हा लिहायचा. शेवटी पास झाला तो असा:

‘मागची दोन्ही चाकं बांधलेली आहेत. वळणाआधी हळू करा. वळणात रेस देऊ नका, वळणात रेस सोडू नका. गाडी दुसऱ्याला दिली तर त्याला हे सांगा.’