पवनीचा तटही पुरावाच आहे

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचा प्राचीन इतिहास सांगताना आपण शिलालेखांपाशी थांबतो. ते गाव वसले कसे, हे सांगणारी जमीन मात्र दुर्लक्षित राहते. एका बाजूला वैनगंगा आणि उरलेल्या तीन बाजूंना मातीचा उंच तट व खंदक, अशी या गावाची जुनी रचना. नदीने दिलेले संरक्षण जिथे संपते, तिथून माणसाच्या हाताचे काम सुरू होते. एवढी माती खणून रचायला मनुष्यबळ लागते, ते कामाला लावणारी सत्ता लागते आणि राखण्याजोगी संपत्तीही लागते. १९६९-७०मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या नेतृत्वाखाली इथे उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीत दडलेला भव्य स्तूप त्यातून उजेडात आला. त्याच्या कठड्याच्या खांबांवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत दान देणाऱ्यांची नावे आहेत, बुद्धावर फणा धरणारा मुचलिंद नागही कोरलेला आहे. दान देणारी माणसे होती, म्हणजे दान देण्याइतकी ऐपत या गावात होती. महाक्षत्रप कुमार रूपिअम्मचा छायास्तंभ, म्हणजे स्मृतिस्तंभ, आणि भार कुळातल्या राजा भगदत्ताचा लेख इथेच मिळाले. बाहेरच्या सत्तांची नजर या काठावर होती, हे त्यावरून दिसते.

नदीकाठी हजारो गावे आहेत, मग पवनीचेच कौतुक का, असा आक्षेप घेतला जाईल. नुसत्या नदीने नगर घडत नाही, हे खरेच. पण शिवनी जिल्ह्यात उगम पावणारी वैनगंगा पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि गोदावरीत जाते. त्यामुळे हे खोरे मध्य भारताला दख्खनशी जोडते. अशा वाटेवर तट, खंदक आणि स्तूप एकत्र सापडतात, तेव्हा पवनीला आडबाजूचे खेडे मानणे चूक ठरते. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: आज या जमिनीवर घरे आहेत, देवळे आहेत, लोकांनी जायचे कुठे? कोणालाही उठवू नये. वस्ती हीच या गावाच्या इतिहासाची सलग साखळी आहे. गरज आहे ती उरलेल्या तटाची मोजणी करण्याची, माती उपसणे थांबवण्याची आणि खंदकात भर टाकू न देण्याची. खांब संग्रहालयात नेता येतो, तट नेता येत नाही. याच तालुक्यात १९८८मध्ये पायाभरणी झालेल्या गोसेखुर्द धरणाने वैनगंगेच्या काठावरची कितीतरी जमीन पाण्याखाली घेतली. त्या जमिनीत काय होते, हे आता तपासता येणार नाही. पवनीत अजून तपासता येते. नगर परिषदेने आणि पुरातत्त्व विभागाने तट, खंदक, टेकड्या व नदीकाठ एकाच नकाशावर आणावेत आणि त्या नकाशाकडे पाहूनच यापुढची बांधकाम परवानगी द्यावी.